उद्या पोर आलं नाही तर काय अडेल?

पत्र

ताई, माझं नाव आणि गावाचं नाव छापू नका. वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्याला लागून आमचं गाव आहे. मी काजूच्या कारखान्यात सोलणीला जाते. मजुरी किलोवर मिळते. मुलगी १० वर्षांची, आता पाचवीत जाईल. मार्चपासून ती माझ्याबरोबर येते. आधी फक्त शनिवारी शाळा सुटल्यावर यायची, मग कामाची घाई झाली तेव्हा काही दिवस शाळाही बुडली, आता सुट्टीत रोज येते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, गर अख्खा निघतो. मी एकटी असले तर आठ-नऊ किलो होतात, ती असली की अकरा. मालक काही बोलत नाहीत, आणखी दोघी-तिघींची पोरंही असतात. घरी ठेवायची तर सासूबाईंना नीट दिसत नाही.

मुलगा १३ वर्षांचा, जूनमध्ये आठवीत जाईल. नवऱ्याची इंजिनची छोटी होडी आहे. खलाशी मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. म्हणून १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की पहाटेच्या फेरीला मुलाला न्यायचं असं ते म्हणतात. मी नको म्हटलं तर म्हणाले, ‘माका बापाशीन आठव्या वर्साक होडयेर चढवल्यान, माजा काय वायट झाला?’

गेल्या महिन्यात शाळेच्या बाई घरी आल्या. मुलगी गैरहजर का, विचारलं. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ही बालमजुरी आहे, कुणी तक्रार केली तर तुमच्यावर येईल. तेव्हापासून झोप लागत नाही. आम्ही पोरांचे वैरी आहोत का? पोलीस येतील का?

– एक आई

उत्तर

ताई,

तुम्ही पोरांच्या वैरी नाही. हे आधी सांगते, कारण बाईंचं बोलणं तुमच्या मनाला इतकं लागलंय की त्यापुढे दुसरं काही ऐकून घ्यायची ताकदच उरलेली नाही, असं पत्रावरून दिसतं. पण नुसती तुमची समजूत काढून मी थांबले तर तो तुमच्या मुलांवर अन्याय होईल. मुलीचं कारखान्यात सोलायला बसणं उद्यापासून बंद करा. मुलाचं पहाटे होडीवर जाणं सुरूच होऊ देऊ नका. का, ते सांगते, आणि त्याऐवजी काय करता येईल तेही.

कोकणातलं पोर आईबापाच्या कामात वाढतं. देवगडात आंब्याच्या पेटीत पेंढा अंथरायला चिमुकले हात पुढे होतात, वाळत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकायला नातवंडांनाच बसवतात, सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं रंगवणाऱ्या बापाशेजारी पोरगं एखाद्या केळ्याला पिवळा हात देऊन बघतं. यात वाईट काही नाही. उलट, आईबाप दिवसभर काय करतात हेच ज्या मुलांना माहीत नसतं त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. बाजारात आईशेजारी बसलेली मुलगी गिऱ्हाइकाशी बोलायला शिकते, सुटे पैसे परत द्यायला शिकते, आणि आई किती जणांचं काय काय ऐकून घेते तेही बघते. हे शाळेत मिळत नाही.

मग अडतं कुठे? मी एकच प्रश्न विचारते, आणि तो तुम्हीही तुमच्या घरात विचारून बघा. उद्या हे पोर आलं नाही तर काय अडेल? पेटीत पेंढा आई घालेल, कावळे आजी हाकेल, केळं बाप रंगवेल, काही अडणार नाही. तिथे पोर शिकत असतं, रमत असतं. पण ते आलं नाही म्हणून मजुरी कमी पडत असेल, होडी किनाऱ्यावरच राहत असेल, तर त्या पोराला आपण मोठ्या माणसाच्या जागेवर बसवलंय. मग ते हसत बसलं असो की रडत, फरक पडत नाही.

तुमच्या घरात दोन्हीकडे अडतंय. मुलगी नसली की दोन-तीन किलो कमी भरतात, मुलगा नसला तर एक खलाशी कमी पडतो. हे तुम्हीच लिहिलंय, मी पदरचं काही घातलेलं नाही.

आता कायद्याचं. बालकामगारांबद्दलचा कायदा १९८६ चा, त्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. अपवाद ठेवलाय तो घरच्या व्यवसायाला हातभार लावण्याचा. म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण, काका-आत्या, मामा-मावशी जो धंदा चालवतात त्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, अभ्यासाचं नुकसान न करता, आणि काम धोकादायक यादीतलं नसेल तरच. २०१७ च्या नियमांनी ते आणखी बारकाईने सांगितलंय. शाळेच्या वेळात नाही. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात नाही. मधली विश्रांती सोडून दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त नाही. आणि घरच्या कामातसुद्धा मुलाला मोठ्या माणसाच्या बदली वापरायचं नाही. ही शेवटची अट बहुतेकांना ठाऊक नसते, पण मी वर विचारलेला प्रश्न आणि ही अट एकच आहेत.

या मापाने तुमच्या मुलीचं काम बघा. कारखाना तुमच्या घरचा नाही, मालकाचा आहे. तुम्ही तिथे मजूर आहात. त्यामुळे घरच्या व्यवसायाची सवलत तिथे लागूच होत नाही. ती तुमच्या मांडीला मांडी लावून बसते, तिच्या नावावर एक रुपया लागत नाही, तिचे किलो तुमच्या तोलात मिसळतात, म्हणून कुणाला दिसत नाही एवढंच. किलोवरच्या मजुरीत हीच मोठी खोट आहे. कागदावर एक बाई अकरा किलो सोलते. प्रत्यक्षात एक बाई आणि एक चौथीतली मुलगी सोलते. आणि असं चार घरांतून झालं की मालकाला वाटतं एक बाई आरामात अकरा करू शकते, मग दर वाढवायचा कशाला? तुमच्या मुलीचा हलका हात अशा रीतीने तुमचीच मजुरी खाली दाबून धरतो. जिला मूल नाही किंवा जी मुलांना आणत नाही, त्या शेजारच्या बाईवर तर दुहेरी मार बसतो.

काजूचं काम मुलांसाठी चांगलं नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तुमचे हात बघितलेत तुम्ही. बीच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. बी फोडायच्या कटरवर बसणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघतात, डाग महिनोन्‌महिने जात नाहीत, म्हणून त्या खोबरेल नाहीतर राख चोळून बसतात. २०१६ च्या आधीच्या यादीतही काजू सोलणं आणि त्याची प्रक्रिया धोकादायक म्हणूनच नोंदलेली होती. तुम्ही म्हणाल, ती कटरवर नसते, बोरम्यातून, म्हणजे वाळवायच्या भट्टीतून, आलेल्या गराची वरची साल काढते, तिथे तेल नसतं. कमी असतं, हे खरं. पण त्याच शेडमध्ये पलीकडे कटर चालतात, तेलाचे हात सगळीकडे लागतात, मे महिन्यात भट्टीशेजारची ती गरमी असते, आणि दहा वर्षांची मुलगी मान खाली घालून, बोटात सुरी धरून तासन्‌तास बसते. मोठ्या बाईची मान दुखते तिथे तिची वाढती मान आहे. आणि मार्चमधली बुडालेली शाळा? ती कुठल्याच अटीत बसत नाही.

मुलीला आवडतं, ती स्वतःच मागे लागते, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुधा तसंच असेल. दहा वर्षांच्या मुलीला आईजवळ बसायला मिळणं आणि ‘हिचा हात माझ्यापेक्षा हलका’ असं चार बायकांत ऐकायला मिळणं, याहून मोठं सुख कोणतं? ते सुख काढून घेऊ नका. तुमच्याजवळ बसायचा वेळ तिला घरी द्या. रोज संध्याकाळी तुमचा हिशेब तिच्याकडे सोपवा. एक वही करा, तारीख, किती किलो, दर, किती मिळाले, किती बाकी. आठवड्याला मालकाच्या चिठ्ठीशी ताडून बघायचं काम तिचं. चिठ्ठीतली चूक पहिल्यांदा तिने धरली की बघा तिचा चेहरा. तिला हेही दाखवा की ३२० नंबरच्या गराला ३२० का म्हणतात. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर बसतात म्हणून. २४० नंबरचा गर मोठा, तो पौंडात २२० ते २४० एवढाच बसतो. एका गराचं वजन किती, हे गणित पाचवीची मुलगी आनंदाने करेल, आणि जे तिची आई दिवसभर हाताळते त्याचं मोल तिला कळेल.

आजीचंही बघा. सासूबाईंना दिसत नाही म्हणून मुलीला घरी ठेवता येत नाही असं तुम्ही म्हणता, पण आमसुलांना डोळ्यांपेक्षा जाणतेपण लागतं. रातांब्याच्या किती बिया काढायच्या, रस कधी चोळायचा, साल किती वाळली हे सासूबाई बोटांनी सांगतील, बिया काढायला आणि उन्हात पसरायला नात आहे. ऊन चढायच्या आधी तासभर, उन्हं उतरल्यावर थोडा वेळ. एखादा दिवस तिला कंटाळा आला तर आमसुलं कुठे पळून जात नाहीत. हे घरचं काम आहे, त्यात कायदा आड येत नाही आणि मीही येणार नाही. फक्त विळी तिच्या हातात देऊ नका, आणि दुपारी शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून जाईल एवढं बघा.

पण सगळ्याच बायकांच्या घरी आजी नसते, आणि मुलं कारखान्यात येतात त्याचं खरं कारण बहुतेक वेळा मजुरी नसून घरी बघायला कुणी नाही हे असतं. मुलाने कारखान्यात असणं आणि मुलाने कारखान्यात काम करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून एकटीने मालकाकडे जाऊ नका. ज्यांची पोरं येतात त्या सगळ्या मिळून जा. भांडायला नको, मागणी घेऊन जा. भट्टी आणि कटरपासून लांब, पंखा असलेली एक खोली किंवा पडवी द्या, पोरं तिथे बसतील, खेळतील, झोपतील, पण गराला हात लावणार नाहीत. एक एक बाई आळीपाळीने त्यांच्याकडे बघेल. समजा आठ जणी आहात. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला आठ दिवसांतून एक दिवस येतो. त्या दिवसाची तिची मजुरी बाकीच्या सात जणींनी वाटून द्यायची. प्रत्येकीच्या मजुरीतून जाईल ते थोडं असेल, आणि पोरांकडे लक्ष ठेवत सोलण्यात आज जो वेळ जातो तो वाचेल.

मालक ऐकेल का? त्याने ऐकावं असं मोठं कारण आहे, ते गरज पडली तर शांतपणे सांगा. मुलाला कामावर ठेवणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षं कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आईबरोबर आली होती, मी ठेवली नव्हती, हे सांगून त्याला सुटता येईलच असं नाही. शेडमध्ये मुलं गर सोलताना दिसली तर प्रश्न आधी त्यालाच विचारतील. त्यामुळे तुमची मागणी त्याच्याही सोयीची आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, आईवडिलांना पहिल्या वेळी या कायद्यात शिक्षा नाही. पुन्हा तेच घडलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा रात्री जागून काढू नका. पोलीस दारात येतील ही भीती मनातून काढा, पण शाळेच्या बाई आल्या होत्या हे विसरू नका.

दोन-तीन किलोंची मजुरी जाईल, हे मला माहीत आहे. तुमच्या घरात ती रक्कम छोटी नाही आणि तुम्हाला ती मी भरून देऊ शकत नाही. पण मुलाबद्दल लिहिताना पैशाचा दुसरा एक रस्ता दाखवते, तो नीट वाचा.

मुलगा आठवीत जातोय. आठवीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते, शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतला मुलगा, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के), आणि घरचं वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांच्या आत, एवढं असलं की त्याला बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये त्याच्या खात्यात येतात. चार वर्षांचे ४८,०००. अर्ज शाळेतूनच भरायचा असतो आणि तो पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्यावर, होडीची धामधूम असते नेमका त्याच सुमाराला निघतो. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलदार कचेरीत जूनमध्ये दाखल्यांना किती रांग असते ते तुम्हाला माहीत आहे. निवड होईलच असं मी म्हणत नाही, स्पर्धा असते. पण पहाटे तीनला उठून जाळं ओढून आलेला मुलगा त्या परीक्षेचा अभ्यास करू शकणार नाही, हे नक्की.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांना बापाने आठव्या वर्षी होडीवर चढवलं आणि त्यांचं वाईट झालं नाही, हे मी मानते. दर्या वाचता येणारा माणूस ही साधी गोष्ट नाही, आणि हे आपल्या मुलाला यावं असं त्यांना वाटतं त्यात मायाच आहे. ती माया तुम्ही त्यांच्याशी बोलताना आधी कबूल करा, नाहीतर बोलणं पहिल्याच वाक्याला तुटेल. पण त्यांच्या लहानपणी ते होडीवर गेले तेव्हा बाप होता, काका होते, चार जाणती माणसं होती. आठ वर्षांचं पोर पाणी उपसत बसलं काय आणि झोपलं काय, जाळं येतच होतं. आता त्यांना मुलगा हवाय तो खलाशी मिळत नाही म्हणून. किनाऱ्यावर सगळीकडे हीच ओरड आहे, मोठ्या बंदरांत तर खलाशी नेपाळातून येतात. बापाने त्यांना शिकायला नेलं होतं, ते मुलाला माणूस कमी आहे म्हणून नेणार आहेत. हा फरक त्यांना दाखवा. ते समजूतदार असतील तर त्यांना तो लागेल.

बाकीची कारणं सरळ आहेत. पहाटेची फेरी सकाळी ८ च्या आधीची, म्हणजे नियमाने बंद. यांत्रिक मासेमारी धोकादायक कामांच्या यादीत पूर्वीपासून धरलेली आहे. आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा. बंदी १ जून ते ३१ जुलै असते ती माशांच्या विणीसाठी आणि माणसांच्या जिवासाठीही. १ ऑगस्टला दर्या तारीख बघून शांत होत नाही. नारळ अर्पण केल्याशिवाय आपली माणसं पूर्वी होडी लोटत नसत, त्यामागे हाच अनुभव होता. त्या दर्यात दोन माणसांच्या होडीत दुसरा माणूस १३ वर्षांचा असेल आणि मोठा पाण्यात पडला, तर त्याला वर ओढणार कोण? हा प्रश्न तुमच्या यजमानांनाच विचारा. मला याचं उत्तर नको, त्यांनी ते स्वतःला द्यावं.

‘चौदा पुरे झाले की नेतो’ असंही ते म्हणतील. १४ ते १८ या वयातही धोकादायक कामांना मनाई आहे. आणि खरं तर दर्या शिकायला होडीच लागते असं नाही. बंदीच्या दोन महिन्यांत होडी शाकारून वर ठेवलेली असते, बाप घरी असतो, तेव्हा शाळा सुटल्यावर मुलाला जाळी शिवायला घ्या. गाठ कशी घालायची, कोणत्या माशाला केवढं आस, म्हणजे जाळ्याचं भोक, कुठलं जाळं का फाटलं. भरतीची वेळ काढायला शिकवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते, अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकराच्या आसपास, हे त्याच्या आजोबांना तोंडपाठ असणार. मुलाने महिनाभर वहीत लिहून खरी वेळ आणि हिशेबाची वेळ यात किती अंतर पडतं ते बघावं. मतलई वारा कधी सुटतो, खारा कधी भरतो, भूगोलाच्या पुस्तकात हे दोन्ही आहेतच, बापाकडून ऐकलं की पक्के होतील. आणि त्याला दमदार पोहता येतं का? किनाऱ्यावरच्या कितीतरी मुलांना पोहता येतं असं आपण धरून चालतो.

दिवाळीच्या सुट्टीत गावात रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, लागली तर त्याला जाऊ द्या, दिवसाउजेडी, मोठ्यांच्या मध्ये, काठावर. दोरीला वीस-पंचवीस माणसं असतात, त्यात हा एक. त्याने हात लावला काय, मध्येच सोडून किनाऱ्यावर धावत सुटला काय, रापण येतेच. कालवणापुरते मासे घेऊन घरी आला की त्याचं कौतुक करा. फक्त कुणा गैरहजर माणसाच्या जागी त्याला पुऱ्या वाट्यावर उभा करत असतील तर नाही म्हणा. मासे निवडताना शिंगाळा आणि पाकट यांना हात लावू देऊ नका. चुकून काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात तासभर बुडवून ठेवायचा, त्याने कळ उतरते, आणि मग दवाखान्यात न्यायचं, कारण काट्याचा तुकडा आत राहतो.

त्याला पुढे याच धंद्यात यायचं असेल तर येऊ दे. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. बारावी विज्ञान झाल्यावर तिथे चार वर्षांची पदवी घेता येते. होडीवाल्याचा मुलगा तिथे गेला तर वर्गातल्या पुष्कळ मुलांपेक्षा त्याला मासा जास्त ठाऊक असेल. हे यजमानांना आवर्जून सांगा, कारण शाळा म्हणजे पोर दर्यापासून तुटणार अशी भीती त्यांच्या मनात असू शकते.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. मुलाला काय वाटतं? मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत की तिचा हात हलका आहे. मुलाबद्दल तो कसा आहे यातलं एकही वाक्य नाही, सगळं बोलणं त्याच्या वरून चाललंय. तेरा वर्षांचा मुलगा बापाला नाही म्हणत नाही, घाबरत असला तरी म्हणत नाही. एखाद्या संध्याकाळी फक्त तुम्ही दोघं असाल तेव्हा विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.

राहिल्या शाळेच्या बाई. त्या घरी आल्या, फोन करून ओरडल्या नाहीत, थेट तक्रार दिली नाही, हे लक्षात घ्या. मूल बरेच दिवस न कळवता गैरहजर राहिलं तर शाळेला त्याची दखल घ्यावी लागते, तशी वेळ येऊ नये म्हणून त्या आधी तुमच्याकडे आल्या असाव्यात. शाळा सुरू व्हायची वाट बघू नका, याच आठवड्यात त्यांना भेटा. मुलगी आता कारखान्यात बसत नाही, मार्चमधला कोणता भाग बुडाला ते सांगा, जूनच्या आधी भरून काढू, असं म्हणा. मुलाच्या एनएमएमएसचं विचारा. कारखान्यातल्या खोलीबद्दलही बोला. दोन-चार बायकांनी मालकाकडे जाणं आणि त्यांच्याबरोबर शाळेच्या बाईंनी किंवा ग्रामपंचायतीतल्या एखाद्या सदस्याने जाणं, यात फरक पडतो. आणि कारखान्यात दुसरं एखादं मूल कटरवर बसलेलं दिसलं, किंवा मालकाने तुमच्यापैकी कुणाला मुलं आणलीच पाहिजेत असं सुचवलं, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.